मृगाच्या आधी शिवायच्या पुरचुंड्या

तुम्ही विचारलंय की सुगंधी पाला-मुळ्या भरून हाताने छोट्या पुरचुंड्या शिवल्या की मन शांत होतं असं ऐकलंय, ते खरं आहे का आणि सुरुवात कशी करायची. आम्ही कोल्हापूरचे, आमच्याकडे हे आजीपासून दरवर्षी होतं, लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवायला, म्हणून घरात जे होतं तेच सांगते.

खरं तर पुरचुंडी म्हणजे गाठ मारलेली, आजी तशीच करायची, पण गाठ सैल होऊन वेखंडाची भरड लुगड्यावर सांडायची म्हणून आईने त्या चारी बाजूंनी शिवायला सुरुवात केली. नाव तेवढं जुनंच राहिलं.

काम चैत्रात सुरू होतं. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते, तिथे देवाला दवणा (सुगंधी पाल्याचं रोप) वाहतात, घरातलं कोणी ना कोणी डोंगरावर जातंच आणि येताना दवणा घेऊन येतं. तो सावलीत वाळवायचा, उन्हात नाही, उन्हात वास उडून जातो. मग वैशाखात कडुनिंबाचा पाला, पाडव्याचा कोवळा नको, त्यात पाणी फार, जून पाला घ्यायचा आणि हातात चुरला की कुरकुर वाजेपर्यंत पसरून ठेवायचा. इथे घाई करू नका हो. एका वर्षी मी पाला अर्धवट ओला असतानाच भरला, श्रावणात ट्रंक उघडली तर पुरचुंडीला बुरशी आणि आईच्या रेशमी पातळावर पिवळट डाग, तो अजून गेला नाही, ते पातळ हातात घेतलं की आजही जीव तुटतो.

बाकी वेखंड आणि वाळा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. वेखंड पावडर नको, कांड्या आणून घरी खलबत्त्यात जाडसर कुटा, पावडर कापडातून झिरपते. एका पुरचुंडीला २ चमचे वेखंड, वाळ्याचे बोटभर तुकडे, मूठभर कडुनिंब, ४-५ लवंगा आणि दवणा असेल तेवढा. कापड जुनं मऊ सुती, साधारण ४ बाय ५ इंच, आणि खळ पूर्ण धुऊन काढलेलं, कारण खळीला कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लागते. घरात लहान मूल असेल तर कापूर आणि डांबरगोळ्या दोन्ही टाळा, कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात आणि डांबरगोळीचा वासही काही बाळांच्या रक्ताला बाधतो. वेखंडही तोंडात घालू देऊ नका.

आता मनाचं. होतं शांत, पण माझ्या मते ते वासाने कमी आणि धावदोऱ्याने जास्त होतं. टाका बारीक आणि सारखा आला पाहिजे, दर ४-५ टाक्यांनी एक उलटी टीप घालायची म्हणजे शिवण उसवत नाही, म्हणजे मनात मोजणी चालूच राहते, एक दोन तीन चार, मागे, परत एक दोन, आणि दोन्ही हात गुंतलेले असतात त्यामुळे मोबाईल उचलता येत नाही, थोड्या वेळाने तर उचलावासाही वाटत नाही. दुसरं म्हणजे याला तारीख आहे. मृग ७-८ जूनला लागतो, त्याआधी ट्रंक बंद झाली पाहिजे, हवा एकदा दमट झाली की काही खरं नाही. वर्षातून एकदाच आणि ठरल्या वेळेला करायचं असतं म्हणून मी त्याची वाट बघते, डिसेंबरात कोणी करायला सांगितलं तर माझं मन लागणार नाही. मे महिन्याच्या दुपारी जेवणं झाली की आई, मी आणि जाऊबाई जमिनीवर बसतो, कोणी फारसं बोलत नाही, आणि त्या दोन तासांत मला जेवढं हलकं वाटतं तेवढं वर्षभरात क्वचितच.

एक मात्र लक्षात ठेवा, पुरचुंडी कीड जवळ येऊ नये म्हणून असते, आत आधीच कसर झाली असेल तर तिने काही होत नाही. म्हणून आधी सगळ्या साड्या बाहेर काढून सावलीत वारा द्या, घड्या बदला (रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की तिथेच विरतं), मग पुरचुंड्या कडेला ठेवा, जरीला टेकवू नका.

जुन्या पुरचुंड्या फेकू नका. शिवण उसवून आतलं सगळं झाडाच्या मातीत घाला, कापड धुऊन परत वापरा. आमच्याकडे आजीच्या हिरव्या लुगड्याच्या ३ पुरचुंड्या अजून चालतात, त्यातल्या एकीला आतून आईचा पांढरा दोरा आहे आणि त्याला लागून माझा काळा.