चित्रांची भाषा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फवारणीच्या औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. आमच्याकडे हिरवा त्रिकोण म्हणजे ‘साधं औषध, हातमोज्यांची गरज नाही’ असं धरून चालतात. हे बरोबर आहे का?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बरोबर नाही. हा समज जिवावर बेतू शकतो. तुमच्याच जिल्ह्यात 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या वरच्या अर्ध्यात इशारा आणि खालच्या अर्ध्यात रंग, तोच तुमचा त्रिकोण. लाल म्हणजे अतिविषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सर्वांत कमी विषारी. ही वर्गवारी प्रयोगातले निम्मे प्राणी मरतील अशा मात्रेवरून ठरते. पोटात गेल्यास दर किलो वजनामागे 1 ते 50 मिलीग्रॅमला लाल, 51 ते 500 ला पिवळा, 501 ते 5000 ला निळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे हिरवासुद्धा विषाच्याच मापपट्टीवरचा रंग आहे. शिवाय माणसाला कमी विषारी असलेलं औषध मासे किंवा मधमाश्यांना घातक असू शकतं. दोन औषधं एका पंपात मिसळली, तर त्या मिश्रणाबद्दल कुठलाच त्रिकोण काही सांगत नाही.

मग गफलत का होते? रंगाचा अर्थ बघणारा आपल्या सवयीतून आणतो. सिग्नलचा हिरवा म्हणजे ‘जा’, बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तीच नजर इथे लागते. त्यात आपण विषाला ‘औषध’ म्हणतो, ते आणखी वाईट. कवटी आणि हाडांची खूण फक्त लाल गटात असते. पिवळ्यावर कवटी नसते, नुसता ‘पॉइझन’ हा शब्द असतो. ज्याला अक्षर येत नाही, त्याच्यासाठी पिवळा डबा मुकाच राहतो.

आकाराचंही तेच. नियमाप्रमाणे हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापतो. लेबल 8 बाय 6 सेंटीमीटर असेल, तर चौकोनाची बाजू पावणेदोन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. रंग त्याच्याही अर्ध्यात. डबा मातीच्या हाताने धरला की तो सहज झाकला जातो.

तेव्हा रंग कोणताही असो, हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालाच.

प्रश्न : गावातल्या चावडीवर फवारणीची काळजी चित्रांतून दाखवायची आहे. लोक नेमकं कुठे चुकीचं वाचतात?
– बचत गटाच्या एक कार्यकर्त्या, वाशीम जिल्हा

उत्तर : सर्वांत जास्त घोटाळा फुलीने होतो. फवारताना विडी ओढणारा माणूस काढून वर लाल फुली मारली, तरी डोळ्यात भरतो तो विडी ओढणारा माणूस. त्यापेक्षा साबणाने हात धुऊन मग जेवायला बसलेला माणूस काढा. करायचं ते दाखवलं की लक्षात राहतं.

वारा तुटक रेषांनी काढू नका, त्या पाण्याच्या वाटतात. गमछा आणि तुरीची झाडं एका बाजूला झुकलेली दाखवा, फवारणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे. नुसता चेहरा आणि मास्क काढला तर दवाखान्याचं चित्र वाटेल. पाठीवर पंप असलेला पूर्ण माणूस हवा. अळी ताटाएवढी काढली, तर ‘असली अळी आमच्याकडे नाही’ म्हणून लोक पुढे जातात.

क्रम असेल तर चित्रं वरून खाली एका रांगेत लावा आणि आकडे घाला. तीन मीटरवरून दिसायला एकेक चित्र निदान 15 सेंटीमीटर उंच ठेवा. सहापेक्षा जास्त चित्रं एका फलकावर नकोत.

भिंत रंगवण्याआधी कच्ची चित्रं कागदावर काढून शाळा न शिकलेल्या पाच-सहा जणांना एकेकट्याने दाखवा. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. ‘हा माणूस काय करतोय? आता पुढे काय करायचं?’ असं विचारा आणि मध्ये बोलू नका. दोघं जरी अडले, तर ते चित्र बदला.