जेलचा थर पडद्यावर दिसू दे

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेल्या मांडीच्या सोनोग्राफी प्रतिमा काल निवांत पाहिल्या. विशीतल्या मुलाचा रेक्टस फेमोरिस, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, काळसर, सत्तरीतल्या बाईंचा पांढुरका, आणि खाली तुझा शेरा: वयामुळे स्नायूचा दर्जा घसरला. असेलही. पण बाईंच्या वेळी गेन, म्हणजे परतलेला ध्वनी वाढवून चित्र उजळ करणारं बटण, वाढवलेला आहे. मग त्या पांढरेपणात वय किती आणि बटण किती?

स्नायूत चरबी आणि तंतुमय ऊती वाढल्या की ध्वनिलहरी जास्त परततात, चित्र उजळतं. हा उजळपणा सांगणारा ० (काळा) ते २५५ (पांढरा) मधला आकडा, इको इंटेन्सिटी, स्नायू एकटा ठरवत नाही. गेन, डेप्थ (किती खोलवर बघायचं), फोकस (कुठे स्पष्ट दिसायचं) एकदाच ठरव आणि सगळ्यांना तेच ठेव. दुसऱ्या मशीनचे आकडे आपल्या आकड्यांशी ताडून बघू नकोस.

खरी गोम हातात आहे. सुरुवातीला मीही प्रोब, त्वचेवर टेकवायचा तो मशीनचा भाग, दाबून धरायचे. एका आजोबांची मांडी तीनदा मोजली, तीनदा वेगळी जाडी आली. स्नायू माझ्याच हाताखाली चेपत होता. तेव्हापासून जेल सढळ घेते. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये जेलची काळी पट्टी पडद्यावर दिसत राहिली पाहिजे. ती गेली की समज, हात जड झाला. मग प्रोब किंचित कलवत राहा. मांडीच्या हाडाची रेघ सर्वांत ठळक दिसेल तिथे थांब. मोजणीच्या चौकटीत स्नायूच्या आवरणाची पांढरी रेघ येऊ देऊ नकोस.

त्वचेखालच्या चरबीची जाडीही दरवेळी लिही. जाड थरात ध्वनी क्षीण होतो आणि खालचा स्नायू आहे त्याहून काळा, म्हणजे चांगला, भासतो. इथे भले भले फसतात.

लहान मुलांच्या प्रतिमा त्यांच्याच वयाच्या निरोगी मुलांशी ताडाव्यात. हेकमॅट आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडलेल्या चार पायऱ्या जरूर वाच: स्नायू उजळत जातो तशी हाडाची रेघ पुसट होते.

आणि ताकद मोजल्याशिवाय म्हातारपणाबद्दल काही लिहू नकोस. सार्कोपेनियाची (वयाबरोबर स्नायू आणि ताकद घटण्याची) २०१९ साली छापलेली युरोपीय व्याख्यासुद्धा ताकदीपासूनच सुरू होते. हाताची पकड बघ, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला किती वेळ लागतो ते बघ.

त्या बाईंना पुन्हा बोलाव. दहा-पंधरा मिनिटं उताणं पडून राहू दे, मग मुलाच्याच गेनवर तीन प्रतिमा घे. तिन्ही मला पाठव, नको वाटलेलीसुद्धा.