थंडीचं नंतर बघू, आधी वाढदिवस कधी ते सांग

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मूळचे कोल्हापूरच्या राजारामपुरीतले, 2019 पासून डॅलसला. ह्यांचा एच-वन-बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, माझा त्यांच्यावर अवलंबून असलेला एच-फोर, मुलगी अकरा वर्षांची. ग्रीन कार्डसाठी ह्यांच्या कंपनीनं घातलेली आय-140 मंजूर आहे पण प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, 2021 ची, आणि ईबी-टू ह्या आमच्या गटात भारतीयांची रांग दहा-बारा वर्षं मागं चाललीय, म्हणजे आमचा नंबर यायच्या आधीच मुलगी एकवीसची होऊन फाइलमधून बाहेर पडणार. त्यात 2025 च्या सप्टेंबरात एच-वन-बीला एक लाख डॉलर फी लावणार अशी बातमी आली, ह्यांचे दोन मित्र सुट्टी अर्धी टाकून मिळेल त्या फ्लाइटनं परत आले, तेव्हापासून घरात एकच विषय, कॅनडा. ह्यांचा चुलतभाऊ टोरंटोजवळ ब्रॅम्पटनला आहे, तो म्हणतोय या बिनधास्त. पण मला थंडीची जाम भीती वाटते. 2021 च्या फेब्रुवारीत इथं बर्फ पडून लाइट गेली तेव्हा दोन रात्री आम्ही तिघं एका रजईत स्वेटर-मोजे घालून बसलो होतो, ते अजून डोक्यातून जात नाही. तिकडं तर चार-पाच महिने तसंच असणार ना? हे 39 चे, नोव्हेंबरात चाळीस होतील. दिरांनी कोल्हापुरात एका एजंटला विचारलं तर तो म्हणतो चार लाखात कॅनडाचं जॉब लेटर देतो, तिथल्या अर्जाचे मार्क वाढतात. मी 34, शिवाजी विद्यापीठाची एम. कॉम., इकडं यायच्या आधी तीन वर्षं शाहूपुरीत सीएंच्या ऑफिसला होते, आता दोन वर्षं ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, एका दवाखान्याचं बुककीपिंग बघते. काय करावं?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : थंडीपासून सुरू करते, कारण तू तिथंच अडकलीयस आणि खरं सांगू का, तो विषय लवकर संपतो. मी कॅनडात, कॅलगरीत नऊ वर्षं काढली, 2012 ते 2021. तुमच्याकडं लाइट गेली त्याच महिन्यात आमच्याकडं पारा उणे तिसाच्या आसपास होता आणि मी स्वयंपाकघरात हाफ बाह्यांचा गाऊन घालून भाकरी थापत होते. तुम्हाला जी वाजली ना, ती लाइट नसलेल्या आणि उन्हाळा धरून बांधलेल्या घरातली थंडी होती. तिकडं घर बांधतानाच हिवाळा धरतात, डबल काचा, भिंतीत जाड इन्सुलेशन, तळघरात फर्नेस, तो ऑक्टोबरात सुरू झाला की एप्रिलपर्यंत घरघर करत राहतो. उलट आतली हवा इतकी कोरडी होते की पहिल्या वर्षी आमच्या पोराचा घोळणा फुटायचा, मग ह्युमिडिफायर आणला.

बाहेरचं मात्र शिकावं लागतं. आमच्या गाडीच्या बॉनेटमधून एक केशरी वायर लोंबायची, मला वाटलं आधीच्या मालकानं काहीतरी जुगाड केलाय, महिनाभर मी ती आत कोंबत होते. मग डिसेंबरात एका सकाळी गाडी नुसती कण्हली आणि गप्प झाली, तेव्हा शेजारच्या काकांनी हसत हसत ती वायर ओढून भिंतीवरच्या प्लगला लावली. इंजिन गरम ठेवायचा हीटर होता तो, रात्री मोबाईल लावतो तशी गाडी लावायची. आणि कुणी सांगणार नाही ते सांगते, कोट कधी स्वयंपाकघराजवळ टांगू नकोस. खिडक्या सगळ्या बंद, त्यामुळं कांदा-लसूण चटणीची फोडणी पडली की वास सरळ जाकिटात जाऊन बसतो, आणि सकाळी लिफ्टमध्ये सगळ्या बिल्डिंगला कळतं काल काय केलं होतं. आधी कोटाच्या कपाटाचं दार लावायचं, मगच कढई ठेवायची. स्मोक अलार्म किती वेळा वाजला ते विचारू नको.

मला थंडीपेक्षा अंधारानं छळलं. डिसेंबरच्या शेवटी कॅलगरीत सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि साडेचारला मावळतो, पोरगं दप्तर टाकून दूध पिईस्तोवर दिवेलागण. कोल्हापुरात पारा 14 वर आला की रंकाळ्यावर कानटोप्या निघतात, पण नऊ वाजता पाठीवर ऊन येतं गं, ते ऊन काय असतं ते तिकडं कळलं. दुसऱ्या हिवाळ्यापासून दुपारी बाराला अर्धा तास बाहेर चालायचंच असा नेम धरला, कितीही वाजत असलं तरी, म्हणून टिकले. ब्रॅम्पटन बरंच दक्षिणेला आहे, तिथं हिवाळ्यातला दिवस कॅलगरीपेक्षा तासभर मोठा आणि थंडीही एवढी नाही. मी परत आले ती सासऱ्यांच्या आजारपणामुळं, थंडीमुळं नाही.

झाली थंडी. आता असं बघ, तुमच्या घरात जायचं का यावर रोज चर्चा चाललीय, पण ते घेतील का हे कुणी बघितलेलं दिसत नाही. चुलतभाऊ कधी गेला ते तू लिहिलं नाहीस, पण चार-पाच वर्षांपूर्वी गेलेल्या सगळ्यांना वाटतं दार अजून तेवढंच उघडं आहे. नाहीये. 2025 साली 5 लाख लोकांना पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, द्यायचं असं आधी ठरलेलं, ते 2024 च्या शेवटी तिथल्या सरकारनं 3 लाख 95 हजारांवर आणलं आणि पुढच्या वर्षांसाठी आणखी खाली. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे मार्क बघून पीआरसाठी बोलवायची तिथली पद्धत, एकूण 1200 मार्क, त्यातले वयाचे मार्क वाढदिवसागणिक गळतात. जोडीनं अर्ज केला तर मुख्य अर्जदाराला 29 पर्यंत 100, मग दर वर्षाला पाच कमी, 39 ला 50, 40 ला 45, चाळिशीनंतर तर दहा-दहा जातात आणि 45 ला भोपळा. म्हणजे ह्यांना आज 50, नोव्हेंबरात 45. आणि तुला 75.

लक्षात आलं का? अर्ज तुझ्या नावानं घालून बघ. हे तुझे जोडीदार म्हणून फाइलमध्ये येतील, त्यांच्या शिक्षणाचे आणि इंग्रजीचे थोडे मार्क वरून मिळतील. एवढ्या मोठ्या पत्रात तू स्वतःबद्दल फक्त शेवटी एक ओळ लिहिलीस आणि मला तरी तीच सगळ्यात कामाची वाटली. बुककीपिंग तिथं स्किल्ड कामात धरतात. सीएंकडच्या तीन वर्षांचं पत्र लेटरहेडवर, कामाचं नीट वर्णन आणि आठवड्याचे तास लिहून आत्ताच मागून घे, कारण अनुभव मागच्या दहा वर्षांतलाच धरतात आणि शाहूपुरीतली वर्षं हळूहळू त्या खिडकीबाहेर सरकतायत. सरकारी साइटवर कॅल्क्युलेटर आहे, फुकट, एकदा तुझ्या नावानं आणि एकदा ह्यांच्या नावानं आकडे घालून बघा.

तरी एवढ्यावर भागेल असं मी म्हणणार नाही. 2025 मध्ये बोलावणी गेली ती मुख्यतः कॅनडात आधीच काम केलेल्यांना, एखाद्या प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, असलेल्यांना, आरोग्य क्षेत्रातल्यांना आणि फ्रेंच येणाऱ्यांना. दवाखान्याचं बुककीपिंग आरोग्यात बसत नाही, आधीच सांगते. कॅनडात काम केलेल्यांचा कटऑफसुद्धा 500 च्या वर होता, फ्रेंचवाल्यांचा त्याच्या बराच खाली. म्हणून माझं म्हणणं, फ्रेंच शिकायला लाग. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही गोष्टींत लेव्हल 7 लागते, टीईएफ नाहीतर टीसीएफ परीक्षा, आणि संसार-नोकरी सांभाळून करायचं म्हणजे वर्ष-दीड वर्ष धरच. दुसरा रस्ता ह्यांचा, कंपनीचं कॅनडात ऑफिस असेल तर बदली मागायची. वर्क परमिटवर एक वर्ष तिथं काम झालं की मार्कांचं गणित बदलतं.

त्या एजंटाला मात्र चहासुद्धा पाजू नका. 25 मार्च 2025 पासून जॉब ऑफरचे मार्कच काढून टाकलेत, म्हणजे तो चार लाखात जे विकतोय त्याची किंमत शून्य मार्क, आणि कागद खोटा निघाला तर पाच वर्षं बंदी. दिरांना म्हणावं त्या पैशात घराला रंग द्या.

आणि ती एक लाख डॉलरची फी. अगं, ती बाहेरून नव्यानं एच-वन-बीवर आणायच्या माणसांसाठी आहे, आत बसलेल्यांच्या एक्स्टेन्शनला नाही. त्या बातमीला घाबरून घर मोडू नका. तुमची खरी भीती म्हणजे नोकरी गेली की दुसरी शोधायला फक्त 60 दिवस, आणि लेकीची एकविशी. त्या दोन्ही खऱ्या आहेत, म्हणूनच अर्जाची तयारी आजपासून. मी तुझ्या जागी असते तर अर्ज घातला असता पण डॅलस आत्ता हलवलं नसतं. पीआर मिळालं तरी पाच वर्षांत 730 दिवस तिथं राहायची अट असते, त्यामुळं जाऊन शिक्का मारून यायचं आणि ह्यांच्या नोकरीचा अंदाज घेऊन मग सामान बांधायचं, एवढी सवड मिळते.

पैशाचं ह्यांच्याशी आधी बोलून घे. डॅलसला जितके अमेरिकन डॉलर मिळतात तितके तिकडं कॅनडियन मिळाले तरी नशीब समजा, आणि एका अमेरिकन डॉलरला जवळजवळ 1.4 कॅनडियन पडतात, वर टोरंटोच्या आसपास घरं महाग. आमच्याकडं पहिली दोन वर्षं ह्यावरनंच तोंडं वाकडी होती. दवाखान्याचं उलटं, पोराचा कान ठणकत होता तेव्हा एका इमर्जन्सीत रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत बसून होतो आणि बाहेर पडताना एक डॉलर बिल नाही, हसावं का रडावं कळेना.

एक करा. चुलतभावाकडं जाऊन या, पण जुलैत नको, फेब्रुवारीत. जुलैत टोरंटो सगळ्यांनाच आवडतं. पासपोर्टवरचा एच-वन स्टॅम्प चालू आहे का बघून निघा, आणि तिथं सकाळी सातला, त्यांच्याच गाडीवरचा बर्फ ह्यांना खरवडायला लाव. तू खिडकीतनं बघ.

प्रश्न : मुलगा कॅनडात विनिपेगला आहे. मला आणि सौ.ला सुपर व्हिसा, म्हणजे आईवडिलांना मिळणारा लांब मुदतीचा व्हिसा, मिळालाय, सून बाळंत होणार म्हणून नोव्हेंबरात या म्हणतो. मी 66, गुडघे बरे आहेत. कोल्हापुरी चपला चालतील का? आणि चटणी किती न्यावी?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : काका, अभिनंदन. विनिपेगला जानेवारीत दिवस-रात्रीची सरासरीच उणे 16 च्या आसपास असते, त्यामुळं चपला घरात घाला, दाराबाहेर नको. बूट इथनं घेऊन जाऊ नका, तिकडंच मुलाला घ्यायला सांगा, इथले बूट बर्फावर घसरतात. काळा बर्फ म्हणून एक प्रकार असतो, रस्ता नुसता ओला दिसतो पण तो गोठलेला असतो. तिथं बदकासारखं चालायचं, छोटी पावलं, तळवा पूर्ण टेकवून, आणि हात खिशात घालायचे नाहीत. फिरायचा नाद असेल तर मुलाला सांगा मॉलमध्ये सोड, तिथं सकाळी तुमच्याच वयाची माणसं फेऱ्या मारत असतात. व्हिसासाठी काढलेल्या मेडिकल इन्शुरन्सचा कागद हातातल्या बॅगेत ठेवा, एअरपोर्टवर विचारतात.

चटणी दोन किलो न्या, दुकानातनं सीलबंद पॅक करून, आणि कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून खरं लिहा. सुकं मटण नेऊ नका, सौ.ना सांगा तिकडं गेल्यावर करा. आणि सूनबाईंना कोटाचं कपाट बंद करायला लावा.