एकरंगी चित्र निर्दोष, अक्षरांच्या कडा मात्र ठिपकेदार

प्रश्न : आमच्या उपकरणात ८०० × ४८० पिक्सेलचे डिस्प्ले पॅनल २४ बिटांच्या समांतर आरजीबी जोडणीने लावले असून बोर्डवर लिनक्स चालते. पूर्ण लाल किंवा पांढरे चित्र निर्दोष दिसते, पण अक्षरांच्या उभ्या कडांवर रंगीत ठिपके लुकलुकतात. केबल बदलली, पिक्सेल क्लॉकही (दर ठोक्याला एक पिक्सेल पाठवणारा संकेत) निम्म्यावर आणला, तरी फरक पडला नाही. दोष पॅनलचा की ड्रायव्हरचा?

उत्तर : बहुधा ड्रायव्हरच्या मांडणीचा. एकरंगी चित्रात शेजारचे पिक्सेल सारखेच असल्यामुळे डेटाच्या तारांवर ओळभर काहीच बदलत नाही आणि पॅनलने चुकीच्या क्षणी डेटा टिपला तरी चूक उघडी पडत नाही. अक्षराच्या कडेला काळ्याचे पांढरे होताना मात्र चोवीसही तारा एकदम पालटतात. नेमक्या त्याच क्षणी पॅनलने डेटा टिपला, तर काही बिट जुने आणि काही नवे हाती लागतात. ब्लँकिंग (ओळींच्या आणि फ्रेमच्या मधला, चित्र नसलेला वेळ) धरून १०५६ × ५२५ पिक्सेल सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, तर क्लॉक सुमारे ३३.२६ मेगाहर्ट्‌झचा होतो आणि एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम ३० नॅनोसेकंद येतात. कंट्रोलरने (बोर्डवरचा चित्र पाठवणारा भाग) क्लॉकच्या एका एजवर, म्हणजे चढत्या (रायझिंग) किंवा उतरत्या (फॉलिंग) कडेवर, डेटा बदलावा आणि पॅनलने विरुद्ध एजवर तो टिपावा, म्हणजे स्थिरावायला १५ नॅनोसेकंद मिळतात. दोघांची एज एकच असेल, तर क्लॉक कितीही मंद केला तरी गाठ त्याच क्षणाशी पडते. केबलचा दोष असता तर क्लॉक निम्मा केल्यावर ठिपके बहुधा कमी झाले असते. तुमचा तो प्रयोग वाया गेलेला नाही.

घोळ होतो तो दृष्टिकोनाचा. डेटाशीटमध्ये ‘फॉलिंग एज’ लिहिलेले असते ते पॅनल डेटा कधी टिपते यासाठी, तर डिव्हाइस ट्रीमधले (लिनक्सला हार्डवेअरचे वर्णन देणारी फाइल) ‘pixelclk-active’ सांगते कंट्रोलर डेटा कधी बदलतो ते. तिथे १ म्हणजे रायझिंग एजवर बदल आणि ० म्हणजे फॉलिंग एजवर. तेव्हा फॉलिंग एजवर टिपणाऱ्या पॅनलसाठी १ हवा. डेटाशीटमधला शब्द तसाच उतरवून ० लिहिणारे पुष्कळ भेटतात. दुरुस्ती पॅनलच्या वर्णनातच करावी. कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये क्लॉक उलटा करण्याचा मोह होतो, पण मग त्याच ड्रायव्हरवर आज नीट चालणारी इतर पॅनल्स बिघडतात. पडताळणीसाठी एकेका पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा दाखवा, कारण त्यात प्रत्येक पिक्सेलला सगळ्या तारा पालटतात.

प्रश्न : एलव्हीडीएस पॅनलवर (ज्यात डेटा तारांच्या मोजक्या जोड्यांवरून एकामागून एक जातो) काळा, पांढरा आणि पूर्ण लाल अचूक येतो, पण छायाचित्रातल्या हलक्या छटांचे पट्टे पडतात. असे का?

उत्तर : बिट जोड्यांवर वाटण्याच्या जेइडा आणि वेसा अशा दोन प्रमाणित मांडण्या आहेत. २४ बिटांच्या जेइडा मांडणीत चौथ्या जोडीवर प्रत्येक रंगाचे सर्वांत खालचे दोन बिट जातात, वेसा मांडणीत सर्वांत वरचे. मांडणीची अदलाबदल झाली की बिटांचे वजनच बदलते. सगळे बिट ० किंवा सगळे १ असलेल्या रंगांत ते कळत नाही. डिव्हाइस ट्रीमधल्या ‘डेटा-मॅपिंग’चे (data-mapping) मूल्य डेटाशीटमधील बिटांच्या आकृतीशी ताडून पाहा.