वाचक विचारतात : हिंसेवरची कविता दुर्बोध का?

प्रश्न : इंग्रज कवी जेफ्री हिल हिंसेबद्दल इतकं अवघड का लिहितात? मेलेल्यांबद्दल तरी सरळ लिहावं!

उत्तर : तुमची तळमळ पटते, तक्रार नाही. त्यांची ‘सप्टेंबर साँग’ ही कविता घ्या. नाझींनी मारण्यासाठी नेलेलं एक मूल. शीर्षकाखाली दोनच तारखा : जन्म १९.६.३२, हद्दपारी २४.९.४२. हिल यांचा जन्म १८ जून १९३२ चा, म्हणजे एकच दिवस आधीचा! मारेकऱ्यांची भाषा ते मुद्दाम सरकारी कागदासारखी ठेवतात. सगळं वेळेवर, अंदाजानुसार. मला तेच सर्वांत भयंकर वाटतं. मग मध्येच, कंसात, हा शोक आपण स्वतःसाठीच रचल्याची कबुली देतात. परक्याच्या मरणावर सुंदर ओळ लिहिताना त्यांना संकोच होतो, म्हणून वाक्यं अडखळतात. इंग्लंडमधल्या टाउटनच्या लढाईत १४६१ मध्ये झालेल्या कत्तलीवरची त्यांची ‘फ्युनरल म्यूझिक’ याहून कठीण. म्हणून आधी ‘सप्टेंबर साँग’च मोठ्यानं वाचा. चौदाच ओळी आहेत.