वाचकांचे प्रश्न : दिवाणात लपवलेला कंट्रोलर

प्रश्न : मी ३९ वर्षांचा असून नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात राहतो आणि एका बँकेत अधिकारी आहे. घरी आई-बाबा, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. मुलगी झोपली की साधारण साडेदहा ते साडेअकरा या वेळेत मी टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर व्हिडिओ गेम खेळतो. त्यात मी पैसे लावत नाही आणि त्यापायी कामावर कधी उशीरही झालेला नाही. तरीही घरी पाहुणे यायचे असले की मी त्याचा हातात धरून खेळायचा कंट्रोलर दिवाणाच्या कप्प्यात चादरींखाली ठेवून देतो. गेल्या दिवाळीत आतेभावाच्या हाती तो लागला आणि सगळ्यांदेखत तो म्हणाला, "काय बे, अजून लेकरासारखा गेमच खेळून राहिला का?" सगळे हसले, मीही हसलो, परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही. पत्नीचा विरोध नाही, मात्र "माझ्या माहेरी सांगू नका" असे ती म्हणते. बाबांचे म्हणणे असे की, आपल्या नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळ खेळते, त्याला खेळ म्हणतात. मी हे सोडून द्यावे का? आणि सोडायचे नसेल, तर लोकांना काय सांगावे?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा मन अडले ते चादरींखाली ठेवलेल्या त्या कंट्रोलरपाशी. खेळ सोडण्याची गरज मला दिसत नाही. लपवणे मात्र सोडावे, असे मी आपल्याला कळकळीने सांगेन.

हा 'पोरखेळ' असल्याचा समज कुठून आला, ते आधी पाहू. व्हिडिओ गेमची सुरुवात मुलांसाठी झालेली नव्हती. १९७२ मध्ये अटारी कंपनीने 'पाँग' तयार केला, तेव्हा त्याचे पहिले यंत्र कॅलिफोर्नियातील एका मद्यालयात ठेवले होते, जिथे मुलांना प्रवेश असण्याचा प्रश्नच नव्हता. १९८४ मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी 'टेट्रिस' रचला, आणि तो प्रथम खेळले ते त्यांचे सहकारी, म्हणजे नोकरी करणारी प्रौढ माणसे. दरम्यान १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि दुकानदार तो माल ठेवायला कचरू लागले. म्हणून १९८५ मध्ये निन्टेन्डोने आपले यंत्र तिथे आणताना सोबत एक छोटा रोबोट दिला आणि ते खेळणे म्हणून विकले. 'मुलांची वस्तू' हा शिक्का घट्ट बसला तो त्या काळात, आणि त्यामागे दुकानदारीची अडचण होती.

आपल्याकडे हे यंत्र आले तेच मुळी 'टीव्ही गेम' म्हणून, आणि तेही उन्हाळ्याच्या सुटीत. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसे; तेव्हा कूलरसमोर सतरंजी अंथरून, अडलेल्या कॅसेटमध्ये फुंकर मारून ती पुन्हा बसवणारी जी मुले होती, त्यांच्यापैकीच आपण एक असणार. ती मुले आज चाळिशीला आली आहेत. त्यांच्याबरोबर खेळही मोठे झाले, इतके की युरोपात काही खेळांच्या वेष्टनावर वयाची खूण म्हणून '१८' हा आकडा छापलेला असतो, म्हणजे ते मुलांच्या हाती द्यायचेच नसतात. आपल्या आतेभावाच्या डोळ्यांसमोर मात्र अजून ती सतरंजीच आहे.

परंतु केवळ इतिहास सांगून ही बोच जाणार नाही, कारण तिचे खरे कारण मला वेगळे वाटते. आपल्या समाजाने मोठ्या माणसांच्या खेळाला कधीच नावे ठेवली नाहीत. लग्नघरी रात्रभर रमीचे डाव चालतात, गच्चीवर कॅरम रंगतो, बागेत निवृत्त मंडळी पत्ते पिसत बसतात, आणि त्यांना कोणी लेकरे म्हणत नाही. फरक असा की पत्ते खेळणारी माणसे एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि येणाऱ्याला "या, बसा, पुढचा डाव तुमचा" असे म्हणू शकतात. पडद्यावर खेळणाऱ्याचे तोंड पडद्याकडे असते आणि घराला दिसते ती त्याची पाठ. तो हरतो आहे की जिंकतो आहे, त्याला काही सुचले आहे की तो अडला आहे, यातले काहीच मागे बसलेल्याला कळत नाही. आई हाक मारते तेव्हा "थांब जरा" एवढेच तिच्या कानी पडते. माणसे ज्याला बालिश म्हणतात, त्यात पुष्कळदा 'यात आम्हाला जागा नाही' ही तक्रार दडलेली असते. ती तक्रार खरी आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे.

लपवण्याने नेमकी हीच तक्रार वाढते. शिवाय लपवलेल्या गोष्टीचे माप कोणाजवळ राहत नाही. आपण रोज रात्री एक तास खेळता, हे आज घराला ठाऊक आहे; उद्या तो तास दोनवर गेला, तर "आज फार झाले हो" असे म्हणण्याचा अधिकार पत्नीला असावा, आणि तो अधिकार उघड्या छंदाबाबतच बजावता येतो. दिवाणात ठेवलेली वस्तू व्यसनासारखी दिसू लागते, आणि पुढे कधी ती खरोखरच व्यसन झाली, तर ते सगळ्यात शेवटी घरच्यांना कळते. मुलीचाही विचार करा. पाहुण्यांची चाहूल लागताच बाबा काहीतरी चादरीखाली दडपतात, हे नऊ वर्षांच्या मुलीच्या नजरेतून सुटत नाही.

व्यसनाची भीती अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, खेळण्याच्या विकाराची नोंद केलेली आहे. मात्र त्याची लक्षणे नीट पाहावीत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर कामे आणि आवडी मागे पडून खेळच पुढे येणे, आणि नुकसान होत असूनही खेळणे चालूच राहणे, हे सारे सहसा किमान १२ महिने दिसून यावे लागते आणि त्यामुळे घर, काम किंवा नातेसंबंध यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो. आपल्या पत्रात यातले काही नाही. पैसे लावून खेळण्याची गोष्ट सर्वस्वी निराळी. त्या प्रकारच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, व पैशाविना खेळले जाणारे खेळ यांना त्यापासून वेगळे ठेवले. नातेवाईक या दोहोंची गल्लत करीत असतील, तर हा फरक त्यांना शांतपणे सांगावा.

आता बाबांचे म्हणणे. दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, जॉर्जियात बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या, आणि नागपूरकरांचा ऊर भरून आला तो योग्यच होता. त्यावर "ई-स्पोर्ट्सलाही सरकारने मान्यता दिली आहे, आशियाई स्पर्धेत पदके आहेत" असा प्रतिवाद आपण करू नये, असे मला वाटते. तो खरा असला तरी आपला नाही. दिव्यांसाठी खेळ ही साधना आहे आणि आपल्यासाठी दिवसभराच्या कामानंतरचा विसावा. बाबांना इतकेच सांगा की, "बाबा, तुम्ही संध्याकाळी अंबाझरीला फिरून येता, तसा हा माझा एक तास." विसाव्याला पदकाचा दाखला लागत नाही. 'यामुळे एकाग्रता वाढते' असल्या सबबीही पुढे करू नयेत, कारण सबब दिली की आपणच आपल्या आनंदाला गुन्हा ठरवतो.

एक छोटा उपाय सुचवते. येत्या रविवारी दुपारी, रात्री नव्हे, बाबांना शेजारी बसवून खेळा. आपण कुठे निघालो आहोत, अडचण काय आली आहे, हे बोलत बोलत सांगा. त्यांनी दहा मिनिटांत उठून जायचे ठरवले तरी चालेल. मोटारींच्या शर्यतीसारखा सोपा खेळ असेल तर दुसरा कंट्रोलर मुलीच्या हाती द्या. आणि आतेभाऊ पुन्हा आला, तर कंट्रोलर टीव्हीशेजारीच असू द्या. "हो, रोज तासभर खेळतो, बस, तुलाही दाखवतो," एवढे वाक्य न हसता म्हणता आले की पुरे. पत्नीच्या माहेरचा विषय मात्र तिच्यावर सोडा. तिथे काय बोलावे लागते, ते तिलाच ठाऊक.

प्रश्न : माझा मुलगा २९ वर्षांचा आहे आणि त्याच्यासाठी स्थळे पाहणे सुरू आहे. परिचयपत्रात आम्ही 'निर्व्यसनी' असे लिहिले आहे. तो सुटीच्या दिवशी दोन-तीन तास मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळतो. हे छंदांमध्ये लिहावे, की मुलीकडचे लोक दचकतील म्हणून गाळावे? (एक आई, नंदनवन, नागपूर)

उत्तर : ताई, लिहावे. 'वाचन व प्रवास' तर प्रत्येकाच्या परिचयपत्रात असते आणि त्यावरून मुलगा कसा आहे, ते कोणाला कळत नाही. 'निर्व्यसनी' हा शब्दही खुशाल राहू द्या, तो खोटा नाही. ज्या घराला ही एक ओळ सहन होणार नाही, त्यांनी नकार लग्नाआधीच कळवलेला बरा. पहिल्या भेटीत हा विषय निघाला तर उत्तर मुलालाच देऊ द्या, आपण मध्ये बोलू नये. मुलगी बहुधा "म्हणजे नेमका किती वेळ?" असे विचारेल. त्याचा खरा आकडा त्याने आधी स्वतः मोजून ठेवावा.