सायमन निरागस होता, असं कुणी सांगितलं?

प्रश्न: ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’मधला सायमन एवढा निरागस आणि चांगला आहे, पण त्याच्या चांगुलपणाचा शेवटी कुणालाच काही उपयोग होत नाही. मग गोल्डिंगने हे पात्र घातलंच कशाला?

‘उपयोग’ हा शब्द मी वीस वर्षं ऐकतोय, आणि तोही एकाच माणसाच्या तोंडून. तो माझा हॉस्टेलचा रूममेट. तुम्ही तो नसाल असं धरून लिहितो. कादंबरी वाचलेली आहे, हेही धरून चालतो. नसेल तर थोडक्यात: विल्यम गोल्डिंगच्या या इंग्रजी कादंबरीत शाळकरी मुलं विमान पडून एका ओसाड बेटावर अडकतात. राल्फ त्यांचा निवडलेला म्होरक्या, सभेत शंख ज्याच्या हातात तोच बोलणार. पिगी चष्मेवाला, जॅक शिकाऱ्यांचा म्होरक्या, रॉजर त्याचा साथीदार. बेटावर श्वापद आहे या भीतीत एका रात्री नाचता नाचता पोरं सायमनलाच श्वापद समजून मारून टाकतात.

आधी तुमचा पहिला शब्द खोडतो. सायमन निरागस नाही. ज्याला अजून काही ठाऊकच नाही तो निरागस. त्या बेटावर निरागस कुणी असतील तर ती सहा-सहा वर्षांची धाकटी पोरं. आणि ती काय करतात? चौथ्या प्रकरणात पर्सिव्हलच्या डोळ्यात वाळू गेलेली असते. रडून रडून ती धुऊन निघते. शेजारचा जॉनी ते बघत बसतो आणि मग स्वतः वाळू उडवायला लागतो, पर्सिव्हल पुन्हा रडेपर्यंत. नवव्या प्रकरणातल्या त्या नाचात हीच चिल्लीपिल्ली आपलं वेगळं रिंगण करून नाचतात. निरागसपणाला कुठेही वळवता येतं. सायमनला मात्र सगळं ठाऊक आहे. श्वापद आहे की नाही यावर सभेत भांडण चाललेलं असताना तो उठतो, धड बोलता येत नाही, तरी म्हणतो की कदाचित ते आपणच असू. पोरं त्याची हुर्यो उडवतात. हे ओळखूनही जो धाकट्यांना हात न पोचणाऱ्या फांदीवरची फळं काढून देतो, सगळे पोहायला पळाले तरी राल्फबरोबर झोपड्या बांधत राहतो, जॅक पिगीला मांस देत नाही तेव्हा आपला तुकडा गुपचूप पिगीकडे सरकवतो, त्याला निरागस म्हणणं म्हणजे त्याची मेहनत फुकट घालवणं आहे.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला या पुस्तकाबद्दल बोलता येत नाही.

२००५ साली मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलवर आमच्या मजल्यावर एक मुलगा होता. वारकऱ्याच्या घरातला, पहाटे हरिपाठ म्हणणारा. आम्ही त्याला ‘माउली’ म्हणायचो. यात भक्ती अजिबात नव्हती, निव्वळ टिंगल होती. रात्री मेसमध्ये उरलेल्या चपात्या तो कागदात बांधायचा आणि मागच्या भिंतीवरून उडी मारून पाण्याच्या टाकीखाली झोपणाऱ्या एका म्हातारीला देऊन यायचा. ती कोण, कुठली, कुणालाच माहीत नव्हतं. यावरही टिंगल व्हायचीच. माउलीचं लग्न जमलं म्हणे.

त्या ऑक्टोबरात गावात चड्डी-बनियन गँगची आवई उठली. अंगाला तेल लावून येतात, धरलं तर निसटतात, अमावास्या गाठतात, वगैरे. गल्लोगल्ली गस्त सुरू झाली, तशी आम्हीही सुरू केली. रात्री ११ ते ४. दोन हॉकी स्टिका, बाकीच्यांच्या हातात खाटांचे पाइप नाहीतर झाडूचे दांडे. एक शिट्टी, एक बॅटरी. पहिल्या दोन रात्री मजा आली. चहा काय, गाणी काय. चौथ्या रात्रीपर्यंत आमच्यात काहीतरी बदललं होतं. चोर येऊ नये म्हणून आम्ही बाहेर पडलो होतो, आणि आता चोर आलाच नाही तर आमची सगळ्यांची फसवणूक होणार होती. कुणीतरी म्हणालं, ती टाकीखालची म्हातारी त्यांच्यासाठी टेहळणी करते. उद्या तिला बघून घेऊ.

हे माउलीने ऐकलं असणार. रात्री दोनच्या सुमाराला तो गेला आणि तिला एस.टी. स्टँडवर पोचवून परत आला. आम्हाला न सांगता. आम्हाला सांगून काय झालं असतं, ते त्याला चांगलं कळत होतं. त्यात लाइट गेलेली. भारनियमनाचे दिवस होते, उकाडा मरणाचा. भिंतीवर एक डोकं वर आलं, पाठोपाठ खांदे. अंगात बनियन. तेवढं पुरलं.

तो ‘मी आहे, अरे मी आहे’ असं ओरडत होता. चोरही असंच म्हणणार, नाही का? आम्ही चौदा जण होतो. मी एक फटका मारला. एकच, पण तो लागला. कुठे लागला तेही मला माहीत आहे.

डाव्या हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलं, डोक्याला आठ टाके पडले. रेक्टरने पोलिसांपर्यंत जाऊ दिलं नाही. सकाळी मेसमध्ये जे झालं ते मला रात्रीपेक्षा जास्त आठवतं. एक जण संडासला गेला होता. दोघं पुढच्या गेटवर होते. एक जण रेक्टरला उठवायला धावला होता, म्हणजे तो तर उलट हीरोच. पोह्यांची ताटली संपेपर्यंत त्याला मारणारा एकही माणूस शिल्लक राहिला नव्हता. मीही म्हणालो, मी मागे होतो.

पुढच्या वर्षी ही कादंबरी हातात आली. (जी. ए. कुलकर्णींनी ती मराठीत आणली आहे. इंग्रजी जड जात असेल तर ती वाचा, त्यात कमीपणा नाही.) सायमनच्या मरणापर्यंत मी ठीक होतो. दहावं प्रकरण उघडलं आणि पुस्तक मिटावं लागलं. दुसऱ्या दिवशीची सकाळ. राल्फ म्हणतो, तो खून होता. पिगी, त्या बेटावरचा सगळ्यात शहाणा मुलगा, म्हणतो की अंधार होता, तो नाच चालला होता, विजा, पाऊस, आपण घाबरलो होतो. अपघात होता तो. आपण तर बाहेरच्या बाजूला होतो. मग सॅम आणि एरिक हे जुळे भाऊ येतात, अंगावर ओरखडे घेऊन, आणि सांगतात की आम्ही दमलो म्हणून लवकर निघालो. आमच्या मेसमध्ये कुणी टेप लावून ठेवला होता काय, असं मला वाटलं. हे पुस्तक आलं १९५४ साली. लिहिणारा सॉल्सबरीच्या मुलांच्या शाळेत मास्तर होता आणि त्याआधी महायुद्धात नौदलात होता. पोरंही पाहिलेली आणि युद्धही.

तर सायमनचा ‘उपयोग’ हा. तो मरतो त्या क्षणी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. तो नसता तर राल्फ आणि पिगी भले आणि जॅक आणि रॉजर बुरे, एवढा सोपा हिशेब करून आपण पुस्तक ठेवून दिलं असतं. त्या रिंगणात राल्फ आणि पिगीही होते, हे सायमनमुळे कळतं. आणि शेवटच्या पानावर नौदलाचा अधिकारी येतो, राल्फ ढसाढसा रडतो, तेव्हा तो निरागसपणा संपल्यासाठी रडतो, माणसाच्या मनातल्या काळोखासाठी रडतो, पिगीसाठी रडतो. सायमनचं नाव तिथे नाही. कुणाला ही गोल्डिंगची चूक वाटेल. मला नाही वाटत. ज्याला आपण मारलं त्याचं नाव घेऊन रडता येत नाही. मी तरी आजपर्यंत रडलेलो नाही.

रूममेटचं म्हणणं वेगळं होतं. त्याला बंड्या म्हणू. मी मोठ्या उत्साहाने त्याला कथा सांगितली तर म्हणाला, हा तुझा सायमन म्हणजे माउलीच की. मनाने चांगला, कामाचा शून्य. रात्रीच्या वेळी वादळात धावत येऊन रिंगणात घुसायची काय गरज? सकाळपर्यंत थांबला असता तर जगला असता.

हे बंड्याचं म्हणणं मी वीस वर्षं खोडतोय, पुन्हा एकदा खोडतो. डोंगरावरच्या त्या श्वापदाला बघून राल्फ, जॅक आणि रॉजर तिघेही पळत सुटले होते. जवळ जाऊन बघूया, असं सायमन एकटाच म्हणतो. त्याचा युक्तिवाद साधा आहे: दुसरं करण्यासारखं आहे तरी काय? फिट येऊन पडलेला, नाकातून रक्त वाहतंय, तरी तो वर चढतो. ते श्वापद म्हणजे पॅराशूटला अडकलेलं मेलेलं माणूस निघतं. त्याला ओकारी येते. ओकून झाल्यावर तो खडकात अडकलेल्या दोऱ्या सोडवतो, म्हणजे वाऱ्याने ते प्रेत उठबस करायचं थांबावं, आणि मग खाली निघतो. सबंध पुस्तकात खरी माहिती काढून आणणारा हा एकटा. लोकशाही शंखवाल्याकडे होती, विज्ञान चष्मेवाल्याकडे होतं, पण डोंगर चढला फिट येणारा पोरगा. खाली सगळी पोरं भीतीने अर्धमेली झालेली आहेत आणि घाबरायचं काही कारण नाही ही बातमी याच्याजवळ आहे. अशी बातमी कोण सकाळपर्यंत खिशात ठेवतं? ‘कामाचा शून्य’ म्हणे.

परीक्षेसाठी हवं असेल तर ख्रिस्ताचं प्रतीक लिहा, मार्क मिळतील. चुकीचंही नाही. गोल्डिंगने स्वतः नंतर एका निबंधात सायमनबद्दल तसं म्हटलं आहे. मूळ हस्तलिखितात तर हा दैवी भाग आणखी ठळक होता, फेबर प्रकाशनाच्या चार्ल्स माँटीथ या संपादकाने तो कमी करायला लावला. त्या माणसाचे आभार मानायला हवेत. देवाने पाठवलेला सायमन मला नको होता. डोक्यावर प्रभामंडळ असलेल्या माणसाचं आपल्याला वाईट वाटतं, पण लाज वाटत नाही.

राहिलेलं एक सांगायला हवं, नाहीतर मी एकच बाजू मांडली असं होईल. १९६५ साली पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं खरोखरच एका ओसाड बेटावर अडकली होती. सव्वा वर्षाने एका ऑस्ट्रेलियन बोटवाल्याला सापडली. त्यांनी आग विझू दिली नव्हती, कामं वाटून घेतली होती. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून बरा केला. तेव्हा पोरं एकटी सोडली की जनावरं होतात असा नियम नाही, आणि गोल्डिंगची कादंबरी म्हणजे पुरावा नाही. हे मला पटतं. पण टोंगाची गोष्ट वाचताना मला आधी तो नीट जुळलेला पायच दिसला. माउलीचा हात जरा वाकडाच जुळला होता.

दवाखान्यात आम्ही मोसंबी घेऊन गेलो होतो. त्याने पहिलं विचारलं, आजी स्टँडवर आहे ना, कुणी हाकललं नाही ना. मग आमची तोंडं बघून म्हणाला, ‘जाऊ दे रे, अंधार होता. तुम्हाला काय दिसणार.’ दिवाळीला तो घरी गेला तो परत आलाच नाही. सध्या तो आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे, सकाळी सकाळी अभंग टाकतो. बंड्या त्याला अंगठा देतो, आणि हा विषय निघाला की म्हणतो, तो स्वतःच म्हणाला होता ना, अंधार होता, मग तू कशाला उकरतोस?

बंड्या, तू या साइटवर असतोस ते मला माहीत आहे. अंधार होता असं माउलीने म्हणणं वेगळं, तू म्हणणं वेगळं. तू गेटवर नव्हतास. बॅटरी तुझ्या हातात होती, आणि तिचा झोत त्याच्या तोंडावर होता. माझा फटका त्याच्यानंतरचा आहे.